तळेगावची दक्षिणा आणि गुणांची पारख

दुसऱ्याच्या अंगचा गुण ओळखणे कठीण खरे. परंतु ओळखलेल्या गुणाचा यथायोग्य गौरव करणे हे त्याहूनही कठीण काम आहे. गौरव अपुरा झाला तर गुणी मनुष्य खट्टू होतो. अवाजवी झाला तर बिघडतो. आणि सरसकट सर्वांचाच झाला तर गौरव या शब्दालाच काही अर्थ उरत नाही. या तिसऱ्या प्रकाराचा अनुभव आम्हांस नुकताच आला आणि त्यामुळेच हा लेख लिहिण्याचे मनात आले.

पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या मंडळांचा वार्षिक गौरवसमारंभ होता. कोणी वाङ्मयमंडळ, कोणी नाट्यमंडळ, कोणी स्पर्धेसाठी स्वतः मोटारगाडी तयार करणारा संघ, कोणी वृक्ष लावणारे, कोणी रक्तदान करविणारे, अशी एकंदर बारा मंडळे होती. समारंभ संपला तेव्हा बाराही मंडळांच्या हाती ‘उत्कृष्ट मंडळ’ अशी अक्षरे कोरलेला चषक होता. सर्वांचे चेहरे हसतमुख होते. आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक विद्यार्थिनी मात्र चषक मांडीवर ठेवून गप्प बसली होती. तिच्या मंडळाने कारखान्यांत मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी वर्षभर संध्याकाळची शाळा चालविली होती. आम्ही अभिनंदन केले तेव्हा ती म्हणाली, “काका, चषक मिळाला हो, पण आमची शाळा बघायला वर्षभरात कुणी आलंच नाही. मग हा दिला तरी कशासाठी?”

या प्रश्नाला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. घरी आल्यावर विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न या भूमीला मुळीच नवा नाही. जेथे आज पिंपरीपासून चाकणपर्यंत आणि देहूरोडपासून तळेगावापर्यंत कारखान्यांची रांग लागली आहे, त्याच टापूतील तळेगाव दाभाडे या गावी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एका प्रथेचा आरंभ झाला. गुण कोणी तोलावा, कोणत्या मापाने तोलावा आणि तोलण्यासाठी कोणाला आत घ्यावे, या तिन्ही प्रश्नांचा निकाल लावण्यात त्या प्रथेची पुढची दीड-दोन शतके गेली. ती प्रथा म्हणजे श्रावणमासची दक्षिणा.

परंतु दक्षिणेकडे वळण्यापूर्वी थोडे दूर दृष्टी टाकणे उपयोगाचे होईल. अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची बंधुमंडळे आणि विद्यार्थिनींची भगिनीमंडळे असतात. त्यांची नावे ग्रीक अक्षरांवरून ठेवलेली. त्यांतील आद्य मंडळ ‘फाय बीटा कॅपा’ हे ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाले. विद्यार्थिनींची मंडळे पुढच्या शतकात निघाली. ‘कॅपा अल्फा थीटा’ हे त्यांतील एक जुने मंडळ १८७० सालचे. एका मंडळाच्या शाखा निरनिराळ्या महाविद्यालयांत पसरतात. सभासद पुष्कळदा एकाच घरात राहतात आणि एकमेकांस जन्माचे भाऊबंद मानतात. आता अनेक विद्यापीठे दरवर्षी या शाखांची तपासणी करतात आणि उत्तम शाखेस मानचिन्ह देतात. शाखेतील सभासदांचा अभ्यास कसा आहे, त्यांनी लोकसेवा किती केली, हिशेब चोख आहेत की नाहीत, नव्या सभासदांशी वागणूक कशी आहे, हे सारे त्यांत पाहिले जाते. शेवटच्या कलमाला फार महत्त्व आहे. कारण बंधुत्वाच्या नावाखाली नवागतांचा छळ होऊन काही तरुणांचे प्राण गेले आहेत. ज्या मंडळाचे सभासद परीक्षेत पहिले येतात तेच मंडळ घरातल्या नवख्या पोराशी क्रूरपणे वागत असू शकते, ही गोष्ट तेथील लोकांस मोठी किंमत देऊन कळली. अर्थात मंडळाचा गुण म्हणजे त्यातील व्यक्तींच्या गुणांची बेरीज नव्हे. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

ज्या १७७६ साली तिकडे ते पहिले मंडळ निघाले, त्याच साली इकडे पुरंदरचा तह झाला. नाना फडणिसांचा कारभार चालू होता, आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात श्रावणात विद्वानांची गर्दी जमण्याची प्रथा तोवर जुनी होऊन गेली होती. तिचे मूळ पाहण्यासाठी आपण तळेगावास जाऊ.

खंडेराव दाभाडे यांस शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिले. तळेगाव हे त्यांचे ठाणे. गुजराथेवर स्वाऱ्या करून मिळविलेल्या वैभवाचा काही अंश ते दरवर्षी हजारो ब्राह्मणांस काही दिवस भोजन घालण्यात खर्च करीत. खंडेराव १७२९ साली वारले. त्यांचे पुत्र त्रिंबकराव यांनी हा क्रम तसाच ठेवला. पुढे गुजराथच्या वाट्यावरून सेनापती आणि पेशवे यांच्यात वितुष्ट आले व १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत त्रिंबकराव पडले. मराठ्यांनी मराठ्यांशी दिलेल्या या लढाईचे राजकीय परिणाम इतिहासकारांनी पुष्कळ सांगितले आहेत. येथे आम्हांस तिचा एक लहानसा परिणाम सांगावयाचा आहे. तळेगावच्या पंक्ती बंद पडू नयेत म्हणून विजयी बाजीरावाने तो धर्म पुण्यात आपल्याकडे घेतला. आणि ग्रँट डफ सांगतो त्याप्रमाणे, नुसत्या भोजनावर न थांबता जमलेल्या शास्त्र्यांस व वैदिकांस द्रव्यही देण्यास आरंभ केला. हीच पेशव्यांची दक्षिणा.

हा बदल वरवर पाहता लहान वाटतो, पण त्यात सर्व पुढील इतिहासाचे बीज आहे. तळेगावच्या पंक्तीत बसणाऱ्याला कोणी त्याची विद्या विचारीत नव्हते. भुकेला मनुष्य आला, पान वाढले, काम झाले. अन्नदानात पारख नसते आणि नसावीही. परंतु पुण्यात शास्त्र्याच्या हातावर द्रव्य पडू लागताच प्रश्न उभा राहिला की कोणाला किती? येथे दानातून गौरव वेगळा झाला, आणि गौरव आला म्हणजे परीक्षा आलीच.

विद्येचा सन्मान राज्याने करावा ही कल्पना महाराष्ट्रात बाजीरावाच्या आधीची आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत पंडितराव होते आणि शिष्टांचे सत्कार करणे हे त्यांच्या नेमलेल्या कामांपैकी एक होते. परंतु तेथे विद्वान नेमके होते व त्यांस ओळखणारा अधिकारीही जाणता होता. पुण्यास दक्षिणेची कीर्ती पसरली तशी काशीपासून कर्नाटकापर्यंतचे वैदिक आणि शास्त्री श्रावणात पुण्याची वाट चालू लागले. त्यांत व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र यांत जन्म घालविलेले थोर पंडित होते. चार ऋचा कशाबशा म्हणता येणारे होते. आणि केवळ जानव्याच्या आधारावर हात पुढे करणारेही होते. या सर्वांस एका रमण्यात घेतल्यावर तेथे दोन निराळी कामे एकाच वेळी चालू लागली. एक, पंडितांची परीक्षा घेऊन त्यांस त्यांच्या योग्यतेप्रमाणे देणे. आणि दुसरे, उरलेल्या अफाट समुदायास थोडेथोडे वाटणे. दोहोंस नाव एकच, दक्षिणा. येथूनच घोटाळ्यास सुरुवात झाली.

जोपर्यंत परीक्षेच्या जागी योग्य मनुष्य बसलेला होता तोपर्यंत हा घोटाळा आटोक्यात राहिला. रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव आमच्या घरोघरी न्यायाधीश म्हणून ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणारा हा पुरुष. परंतु दक्षिणेच्या कामीही त्यांचा अधिकार चालत असे, आणि त्यासंबंधी एक आख्यायिका फार प्रसिद्ध आहे. एका श्रावणात शास्त्रीबोवांचे सख्खे बंधू दक्षिणेसाठी आले. नाना फडणीस जवळ होते. एवढ्या मोठ्या पुरुषाचा भाऊ, म्हणून त्यास वीस रुपये द्यावे असे नानांनी सुचविले. शास्त्रीबोवा म्हणाले, याची विद्या बेताची आहे, इतरांस मिळतात तसे दोनच रुपये द्यावेत. भाऊ म्हणून काही द्यावयाचे ते मी माझ्या घरी देईन.

ही गोष्ट निःस्पृहपणाचा नमुना म्हणून मुलांस सांगतात, ते योग्यच आहे. पण आम्हांस तीत आणखी एक अर्थ दिसतो. रामशास्त्र्यांनी भावाला अव्हेरले नाही. दोन रुपये दिलेच, आणि घरी देण्याचेही कबूल केले. त्यांनी एवढेच केले की दोन थैल्या निराळ्या ठेविल्या. स्नेहाची थैली वेगळी आणि गुणाची थैली वेगळी. स्नेहाच्या थैलीतून कितीही द्यावे, त्यात दोष नाही. गुणाच्या थैलीतून स्नेहापोटी एक रुपयाही गेला तर त्या थैलीतल्या इतर सर्व रुपयांची किंमत उतरते. वीस रुपये मिळविण्यासाठी बारा वर्षे न्यायशास्त्र घोटलेल्या पंडिताच्या डोळ्यांदेखत ते वीस रुपये शास्त्रीबोवांच्या भावास मिळाले असते, तर त्या पंडिताचे एका पैचेही नुकसान झाले नसते. पण त्याच्या विसांचे मोल त्या क्षणी नाहीसे झाले असते. गुणगौरवाचे सारे मर्म या एका प्रसंगात आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात रामशास्त्री नव्हते. दक्षिणेचा खर्च काही लक्षांवर गेलेला, गर्दी अपार वाढलेली, आणि पुण्यसंपादनाची हाव एवढी की किती ब्राह्मण जेवले व किती रुपये वाटले यांतच धन्याचे समाधान. माप विद्येचे राहिले नाही, डोक्यांचे झाले. अशा दक्षिणेने विद्या वाढली असे कोणी म्हणू शकणार नाही. वाढला तो दक्षिणेवर जगणारा वर्ग. येथेही आमचे मघाचे सूत्र लागू पडते. दक्षिणा एकेका व्यक्तीला दिली जाई, पण तिने घडविला तो एक समाज. आणि त्या समाजाचे सामुदायिक गुणदोष तपासण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती.

१८१८ साली राज्य गेले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्या वेळी दख्खनचा कमिशनर होता. पुण्याच्या ब्राह्मणवर्गास एकदम दुखवू नये, हा राजकीय हेतू त्याच्या मनात होताच. परंतु त्याची दृष्टीही सूक्ष्म होती. सरसकट वाटपाचा भाग त्याने बंद केला, आणि परीक्षा देऊन मिळणाऱ्या दक्षिणेसाठी ५०,००० रुपयांची रक्कम राखून ठेविली. रामशास्त्र्यांनी ज्या दोन थैल्या वेगळ्या मानल्या होत्या त्यांतील एक परक्या राज्यकर्त्याने बंद केली आणि दुसरी चालू ठेविली, असे म्हणता येईल. पुढे ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तिच्या खर्चाची तरतूदही या दक्षिणेच्या रकमेतूनच झाली. एल्फिन्स्टनची इच्छा अशी की वेदपठणापेक्षा धर्मशास्त्र, गणित इत्यादी व्यवहारोपयोगी विद्यांकडे बक्षिसांचा ओघ हळूहळू वळवावा. म्हणजे गुण तोच, पण माप बदलावयाचे. माप बदलले की पुढच्या पिढीची मेहनत कोणत्या दिशेने जाईल तेही बदलते, हे त्या चतुर मुत्सद्द्याने ओळखले होते.

परंतु माप बदलले तरी दार तेच राहिले होते. परीक्षा ब्राह्मणांची, परीक्षक ब्राह्मण, आणि विषय संस्कृतातले. पुढे दक्षिणेत नवे उमेदवार घेणे थांबले. जुने लोक जसजसे कमी होत गेले तसतशी शिल्लक वाढू लागली. ही शिल्लक कशी खर्चावी असा प्रश्न निघाला तेव्हा १८४९ साली पुण्यातील काही सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आमचे लोकहितवादी, हे त्यांतील प्रमुख. ‘प्रभाकर’ पत्रातील शतपत्रांतून त्यांनी अर्थ न समजता केलेल्या पाठांतरावर कोरडे ओढण्यास आदल्या सालीच सुरुवात केली होती. अर्जाचा आशय असा की, या पैशांतून मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस बक्षिसे द्यावीत आणि ती सर्व जातींच्या लेखकांस मोकळी असावीत. पुण्यात मोठा क्षोभ झाला. अर्जदारांस दहशत घालण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा जोतीराव फुले यांनी त्यांच्या रक्षणासाठी माणसे उभी केली, असे जोतीरावांचे चरित्रकार सांगतात. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली गेली. तळेगावच्या पंक्तीपासून निघालेला प्रवाह अखेर मराठी ग्रंथांपर्यंत आला.

येथे कथा संपली असती तर फार गोड झाली असती. पण इतिहास असा गोड शेवट क्वचितच करतो. १८५५ साली त्याच जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहून याच कमिटीपुढे ठेविले. भोळ्या कुणब्यास धर्माच्या नावाने कसे नाडले जाते, हा त्याचा विषय. कमिटीने ते घेतले नाही. ‘गुलामगिरी’त जोतीरावांनी स्वतःच ही हकीगत दिली आहे, आणि कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे कारण सांगितले आहे. ज्या पुरुषाने बक्षिसाचे दार सर्वांस उघडावे म्हणून झगडणाऱ्यांची पाठराखण केली, तो स्वतः त्या दारातून परत फिरला! ते नाटक छापून वाचकांच्या हाती पडण्यास १९७९ साल उजाडावे लागले. म्हणजे सव्वाशे वर्षांस एक वर्ष कमी. आज आधुनिक मराठी नाटकाचा इतिहास सांगू लागणारा कोणीही ‘तृतीय रत्ना’चे नाव घेतल्यावाचून पुढे जात नाही.

यावरून बोध असा की दार उघडणे आणि माप बदलणे एवढ्यानेही भागत नाही. ज्याच्या दोषांवर ग्रंथकार बोट ठेवतो तोच परीक्षकाच्या आसनावर बसला असेल तर पारख होणे शक्य नाही. रामशास्त्र्यांपुढे भाऊ उभा होता. कमिटीपुढे टीकाकार उभा होता. भावास दोन रुपये देणे जितके कठीण, तितकेच टीकाकारास वीस रुपये देणे कठीण. किंबहुना दुसरे अधिकच कठीण. कारण पहिल्यात मनुष्याची माया आड येते, तर दुसऱ्यात त्याचा अभिमान.

कमिटीच्या हातून काहीच चांगले झाले नाही असे मात्र कोणी समजू नये. तिच्या उत्तेजनाने मराठीत ग्रंथरचना वाढली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा रसिक विद्वान तिचा चिटणीस होता. दक्षिणेच्याच निधीतून पुढे महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे यांस तरुणपणी या वृत्तीचा लाभ झाला. ज्या दक्षिणेवर केवळ पोट भरण्याचा आरोप होता, तिच्यातूनच भांडारकरांसारखा संशोधक वर आला, हे तिच्या पदरात प्रामाणिकपणे टाकले पाहिजे.

आता व्यक्ती सोडून मंडळाकडे येऊ. आमच्या देशात अमेरिकेतल्यासारखी ग्रीक नावांची मंडळे नव्हती. पण विद्यार्थ्यांचे बंधुत्व नव्हते असे नाही. दक्षिणेतून निघालेल्या संस्कृत पाठशाळेचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. तेथे १८७९ च्या सुमारास टिळक आणि आगरकर हे दोघे तरुण आसपासच्या टेकड्यांवर फिरता फिरता लोकशिक्षणाचे बेत करीत असत. त्यांना विष्णुशास्त्री चिपळूणकर मिळाले. हे कमिटीच्या त्या चिटणिसाचे चिरंजीव; त्यांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडले होते. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज. या बंधुमंडळास कोणत्याही कमिटीने चषक दिला नव्हता. उलट त्या वेळी कोणी तपासणीस जाता तर त्याने काय पाहिले असते? दोन-तीन पोरसवदा पदवीधर, हातात पैसा नाही, डोक्यात मोठमोठ्या गोष्टी. आणि दहा वर्षांनी जाता तर? आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडलेला, टिळकांनी १८९० साली सोसायटी सोडलेली. एकोप्याच्या सदरात पूज्य! तरीही त्या भांडखोर मंडळाने जे मागे ठेविले त्यात आजही मुले शिकत आहेत. मंडळाची पारख करताना त्याच्या आजच्या शोभेपेक्षा त्याच्यामागे काय उरेल हे पाहिले पाहिजे, असे आम्ही म्हणतो ते याचमुळे.

परंतु म्हणून मंडळांची परीक्षा घेऊच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. परीक्षा नीट घेतली तर तिने केवढे काम होते याचेही उदाहरण जवळच आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली महाविद्यालयांच्या एकांकिकांसाठी पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरात ती दरवर्षी होते, आणि पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांतील मुलेही त्या रंगमंचासाठी रात्री जागवितात. नेपथ्याचा थाट आणि यंत्रांची करामत यांना तेथे फारशी किंमत नाही. लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय हेच पाहिले जाते. ज्याच्या कॉलेजपाशी पैसा त्याचा चषक, असे होण्याची वाट या नियमाने बंद केली. वैद्यकीय महाविद्यालयातून या स्पर्धेत उतरलेले जब्बार पटेल आणि मोहन आगाशे पुढे १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकात दिग्दर्शक आणि नट म्हणून एकत्र दिसले. आणि योगायोग असा की, तेंडुलकरांच्या त्या नाटकात पेशव्यांच्या रमण्यातील दक्षिणेचा प्रसंग आहे. रमण्यात हरवलेली पारख जणू नाटकाच्या रूपाने पुण्यास पुन्हा आठवण द्यावयास आली.

२०२२ साली या स्पर्धेच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्या तोलाची एकांकिका नाही, असे त्यांनी सांगितले. मोठा गदारोळ उडाला. मुले दुखावली, माजी स्पर्धकांत दोन तट पडले. तो निर्णय बरोबर की चूक, हे एकांकिका न पाहता ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु एवढे खचित म्हणता येईल की जो करंडक न देण्याची शक्यता असते तोच करंडक मिळण्यात अर्थ असतो. मात्र असा कठोर निर्णय देणाऱ्यावर एक ऋण चढते. मुलांस बसवून, कोठे उणे पडले ते त्यांना समजेल अशा शब्दांत सांगण्याचे. कारण दिल्यावाचून नाकारणे आणि कारणावाचून देणे, ही दोन्ही एकाच आळसाची रूपे होत.

आता पुन्हा आमच्या कारखान्यांच्या टापूत येऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून या माळरानाचे रूप पालटत गेले. येथील कारखान्यांत आज कामगारांचीही मंडळे असतात. त्यांस गुणवत्ता मंडळे म्हणतात. १९६२ च्या सुमारास जपानात काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने ही कल्पना रुजली. भारतात ती १९८० साली हैदराबादेजवळच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात आली, आणि तेथून सर्वत्र पसरली. एका विभागातील सहा-आठ कामगार आठवड्यातून एकदा बसतात, आपल्याच यंत्रापाशी पडणारी अडचण निवडतात, मोजमाप करतात, कारणांची छाननी करतात आणि उपाय योजून पाहतात. पुढे संमेलनात ही मंडळे आपापले काम सांगतात आणि परीक्षक त्यांस गुण देतात. गुणांप्रमाणे सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा श्रेणी ठरतात.

या पद्धतीतही रमण्याचे भय आहेच. जो संमेलनास आला तो काही ना काही घेऊनच परतणार असे झाले, किंवा चांगले काम करणाऱ्यापेक्षा चांगला फलक रंगविणारा वरचढ ठरू लागला, की दुसऱ्या बाजीरावाचा श्रावण फार लांब नाही. पण तिच्यात एक अंगभूत गुण आहे, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. कामगाराच्या मंडळाने उपाय केला की यंत्र त्याची साक्ष देते. पूर्वी शंभरांत किती नग बाद होत आणि आता किती होतात, हे जागेवर जाऊन पाहता येते. आणि सहा महिन्यांनी पुन्हा गेले असता तो सुधार टिकला की नाही हेही कळते. भाषणाने ते झाकता येत नाही. ज्या परीक्षेत परीक्षकास कामाच्या जागी जावे लागते, ती परीक्षा सहसा खोटी होत नाही.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांस देता येईल असे वाटते. तळेगावच्या पंक्तीपासून आजवरचा हा इतिहास तीन गोष्टी सांगतो. पहिली, स्नेहाची आणि गुणाची थैली वेगळी ठेवावी. बाराही मंडळांचे कौतुक करावयाचे तर खुशाल करावे. त्यांना पेढे वाटावेत, पंक्तीस बसवावे, तळेगावच्या सेनापतींनी तेच केले आणि त्यात काही गैर नव्हते. मात्र त्या पंक्तीस ‘उत्कृष्ट’ हे नाव देऊ नये. दुसरी, माप अगोदर सांगावे, ते सर्वांस मोकळे असावे, आणि परीक्षकाच्या आसनावर असा मनुष्य बसवावा की ज्याला भावास दोन आणि टीकाकारास वीस देता येतील. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी, परीक्षकाने उठून जागेवर जावे. अहवाल वाचून मंडळ कळत नाही. संध्याकाळी सात वाजता त्या शाळेच्या सतरंजीवर जाऊन बसावे, किती मुले येतात, किती टिकतात, शिकविणारा आजारी पडला तर त्याची जागा कोण घेतो, आणि ही चालविणारी मुले पदवी घेऊन गेल्यावर शाळा कोण चालविणार, हे विचारावे. मंडळाचे मंडळपण या शेवटच्या दोन प्रश्नांत आहे.

त्या मुलीला चषकाची हाव नव्हती, हे आम्हांस तिच्या बोलण्यावरून स्पष्ट दिसले. तिला पाहिजे होते ते एवढेच की कोणीतरी यावे आणि पाहावे. गुणी माणसाची मागणी बहुतेक वेळा याहून मोठी नसते. आम्ही तिच्याकडून शाळेचा पत्ता मागून घेतला, आणि पुढच्या बुधवारी गेलो. अठरा मुले होती. एक लहानगा पाढे म्हणत होता आणि सातच्या पाढ्यात अडखळत होता. त्याच्याहून थोडी मोठी असलेली मुलगी, शिकविणाऱ्यांनी न सांगता, त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याच्याबरोबर म्हणू लागली. खिडकीच्या कट्ट्यावर चषक ठेवलेला होता. त्यात खडूचे तुकडे होते.